म्हापशाहून जैसलमेर, मोटरहोमने : सल्ला हवा आहे

म्हापसेकर_दुकानवाला :
नमस्कार मंडळी. जानेवारीत बोडगेश्वराची जत्रा आटोपली की दुकान भावाच्या हवाली करून तीन आठवडे बाहेर पडायचं ठरतंय. कच्छचं रण आणि पुढे जैसलमेर. आम्ही दोघं, आई (वय ७१, गुडघ्यांचा त्रास) आणि आठवीतली मुलगी. मुलीची शाळा बुडणार, त्यावर कृपया उपदेश नको, घरात पुरेसा झाला आहे.

मोटरहोमच का? आईला दर दोन तासांनी बाथरूम लागतं आणि हायवेवरची संडासं बघून ती पाणी प्यायचंच सोडून देते. पंढरपूरला जाताना तिने सकाळपासून घोटभरही पाणी घेतलं नव्हतं, शेवटी सलाईन लावायची वेळ आली. तेव्हा बाथरूम सोबत असलेलं बरं.

दोन पर्याय आहेत. एक, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची आणि ओळखीच्या गॅरेजात आतून पलंग, बेसिन, संडास करून घ्यायचं. परत आल्यावर सीझनला भाड्यानेही देता येईल. दोन, तयार मोटरहोम भाड्याने.

रस्ता, पाणी, रात्रीचा मुक्काम, सगळ्यावर जाणकारांनी प्रकाश टाकावा. मुलीची एकच मागणी आहे : जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकडीवर गाडी न्यायची आणि तिथेच झोपायचं.

डिचोलीचा_डिझेल :
पहिला पर्याय इथेच सोड, दादा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकात जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी होईल अशी गाडी मालकाने बदलायची नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे मोटरहोमसाठी, एआयएस-१२४ नावाचं मानक आहे, त्याप्रमाणे मान्यता घेतलेल्या बॉडी बिल्डरकडूनच काम करून घ्यावं लागतं. ओळखीचा सुतार प्लायवूडचा पलंग छान ठोकेल, पण जोरात ब्रेक लागला की तो पलंग कुठे जाईल याची चाचणी त्याने केलेली नसते. अपघात झाला तर विमावाले पहिला प्रश्न आरसीवरच काढतात.

आणि पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने द्यायची भाषा गोव्यात राहून करतोस? स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे. बाहेरून भाड्याने घेशील तिथेही हीच पाटी बघून घे.

लायसन्सची काळजी नको. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी चालते. ट्रॅव्हलरवर बांधलेलं मोटरहोम त्याच्या बरंच आत असतं.

फोंड्याचा_फाटा :
मी विरोधी पक्षात. पणजी ते जैसलमेर एका बाजूने १,७०० किलोमीटरच्या आसपास आहे, कच्छचा वळसा धरला तर आणखी जास्त. एवढं अंतर ही अवजड पेटी घेऊन जायचं, लिटरला नऊ-दहा किलोमीटर मिळाले तर नशीब. त्याच पैशात चांगल्या हॉटेलांत राहा, गरम पाण्याने आंघोळ करा, टॅक्सी करा. मोटरहोम म्हणजे चारचाकी संसार : दिवसभर चालवायचं आणि संध्याकाळी भांडीही घासायची. सुट्टी कोणाची झाली मग? वहिनींना विचारलंत का?

म्हापसेकर_दुकानवाला :
वहिनींना विचारलं. म्हणाली, भांडी तुम्ही घासणार असाल तर चला. मी हो म्हटलंय. :)

पण आईचा मुद्दा तसाच राहतो. हॉटेल रात्रीला मिळतं, दिवसा बारमेरच्या रस्त्यावर दुपारी तीन वाजता काय करायचं?

पेडण्याचा_ट्रान्सपोर्ट :
रस्त्याबद्दल. आपल्याकडून जायचं तर चोर्ला घाटाला हात लावू नको, ती वळणं उंच गाडीला नकोत. बांद्याहून आंबोली, आजरा, संकेश्वर करून राष्ट्रीय महामार्ग ४८ पकडायचा, मग कोल्हापूर, पुणे. कोकणातून महामार्ग ६६ने गेलास तर काही ठिकाणी मक्खन, काही ठिकाणी पाठीचे मणके मोजून होतात.

अहमदाबादच्या पुढे विरमगाम, ध्रांगध्रा, हळवद, मग सूरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ. भुजला दोन दिवस, तिथून खावडा, धोलावीरा. परत फिरताना रापर, सांतलपूर, राधनपूर, थराद, सांचोर, बारमेर, जैसलमेर. सांचोरपासून जैसलमेरपर्यंत महामार्ग ६८ आहे, रस्ता चांगला आणि सरळ. सरळ म्हणूनच धोका. रात्री त्यावर उंट, गाई, नीलगाई बसलेल्या असतात, डांबर दिवसाची ऊब धरून ठेवतं ना. उंटाचे पाय लांब, धडक बसली तर धड थेट काचेवर येतं. सूर्य मावळला की चाकं थांबली पाहिजेत, हा नियम मोडू नकोस.

गाडीची उंची एसीसकट मोजून घे आणि आकडा स्टिअरिंगसमोर चिकटव. रेल्वेखालचे बोगदे, पंपांची छपरं, गावातल्या लोंबत्या तारा आणि हॉटेलांच्या कमानी, चारही ठिकाणी उपयोगी पडतो.

अवांतर : कोकण रेल्वेची ट्रकांची रो-रो, म्हणजे ट्रक चढवून नेणारी मालगाडी, १९९९पासून आहे, पण तुझ्या गाडीला तिचा फायदा कोलाडपर्यंतच. उंचीची मर्यादा वेर्णा स्टेशनवर जाऊन विचारून ये.

मडगावची_मुग्धा :
रो-रो कशाला? मडगावहून वडोदरा, अहमदाबादकडे जाणाऱ्या गाड्या आहेत. आईंना खालच्या बर्थवर झोपवून न्या आणि मोटरहोम अहमदाबादेत ताब्यात घ्या. गोवा ते अहमदाबाद हे अकराशे किलोमीटर काही वाळवंट नव्हे, ते बघायला कोण जातंय?

फोंड्याचा_फाटा :
हे पटलं. अर्धा विरोध मागे.

वाळपईची_वैदेही :
धागा आत्ता बघितला. मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही जैसलमेरला आणि नंतर जोधपूरला बरीच वर्षं होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही सगळे रस्ता आणि डिझेलचा विचार करताय. तिकडे बेत पाण्यावरून आखायचा. कुठे थांबायचं, किती दिवस, आंघोळ करायची की नाही, सगळं टाकीतल्या पाण्यावरून ठरतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जैसलमेरला दोनशेच्या आत. परसातल्या विहिरीत कळशी सोडून वाढलेल्या माणसाला हा फरक आकड्यातून कळत नाही, नळ सोडला आणि पंपाची नुसती घरघर ऐकू आली की कळतो.

हिशोब मांडते. समजा गोड्या पाण्याची टाकी १२० लिटरची आहे. चौघांचं पिणं १४ लिटर, स्वयंपाक ८, भांडी १२, हाततोंड १२, संडासात १० लिटर. झाले ५६. चौघांनी काटकसरीने, म्हणजे माणशी १५ लिटरमध्ये आंघोळ केली तर आणखी ६०. म्हणजे आंघोळीसकट टाकी एका दिवसात तळाला, आंघोळीशिवाय दोन दिवस. म्हणून दर दुसऱ्या रात्री हॉटेल किंवा धर्मशाळा धरायची. तिथे आंघोळी, कपडे, टाकी भरणं आणि संडासाची पेटी रिकामी करणं, सगळं एकाच फेरीत उरकतं. फोंड्याच्या फाट्याचं हॉटेल आणि तुमचं मोटरहोम, दोन्ही बरोबर आहेत, आलटून पालटून.

प्यायचं पाणी टाकीतलं नको. पश्चिम राजस्थानात जमिनीतलं पाणी पुष्कळ ठिकाणी खारट आहे, फ्लोराइडही जास्त. २० लिटरचे दोन जार वेगळे ठेवा. वरच्या हिशोबातले १४ लिटर तिथून घेतले तर टाकीही तेवढी जास्त पुरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ढाण्यांमधून, म्हणजे वस्त्यांमधून, जाताना तुम्हाला जमिनीत बसवलेला गोल चौथरा दिसेल. वर लोखंडी झाकण, त्याला कुलूप. बाजूला तीन-चार बारीक भोकं, त्यांत जाळी नाहीतर काटेरी फांदी खुपसलेली, साप-उंदीर आत जाऊ नयेत म्हणून. हा टांका. भोवतीची जमीन चहूबाजूंनी त्याच्याकडे किंचित उतरती केलेली असते, चोपून, झाडून स्वच्छ. त्या जमिनीला आगोर म्हणतात. पावसाचं जे काही पाणी त्या आगोरावर पडेल ते टांक्यात, आणि तेच त्या घराचं प्यायचं पाणी, पुढच्या पावसापर्यंत.

आपल्या डोळ्यांना आगोर म्हणजे गाडी लावायला अगदी छान सपाट मोकळी जागा दिसते. तिथे मोटरहोम उभं करायचं नाही. बेसिनचा नळ सोडून साबणाचं पाणी तर अजिबात सोडायचं नाही. तिथली माणसं आगोरावर चपला घालूनही जात नाहीत.

आणि टांक्यातलं पाणी मागूही नका. तुम्हाला कुणी नाही म्हणणार नाही. पाव्हण्याला पाणी नाकारणं तिकडे बसतच नाही, म्हणून तर मागायचं नाही. तुमची १२० लिटरची टाकी म्हणजे त्यांचे किती दिवस, ते ते सांगणार नाहीत. पैसे देऊन पंपावर, हॉटेलात किंवा टँकरवाल्याकडून भरा. रामदेवऱ्याला (पोखरणजवळचं तीर्थक्षेत्र) धर्मशाळा पुष्कळ आहेत, तिथे सोय होते.

डिचोलीचा_डिझेल :
वैदेहीताई, +१. वाचनखूण साठवली.

साखळीचा_सूर्यकांत :
ताईंच्या मुद्द्याला जोडून, जरा कडू बोलतो. आपणच ओरडत असतो ना, बागा-कळंगुटला परराज्यातल्या बसेस येतात, रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून पुलाव शिजवतात, उष्टं गटारात टाकतात आणि माडाखाली आंघोळ करतात? २०१९ला पर्यटन स्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी घातली, दंड लावला, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. आता तीच बस घेऊन आपण दुसऱ्याच्या दारात चाललो आहोत. फक्त आपल्या बसला मोटरहोम म्हणतात.

म्हापसेकर_दुकानवाला :
सूर्यकांतबाब, लागलं, पण बरोबर आहे.

ताई, देव बरें करूं. आता प्रश्न असा की वापरलेलं पाणी टाकायचं कुठे? आणि संडासाच्या पेटीचं काय?

डिचोलीचा_डिझेल :
संडासाचं मी सांगतो. बहुतेक भाड्याच्या गाड्यांत कॅसेट टॉयलेट असतं. खाली साधारण वीस लिटरची पेटी, बाहेरच्या दारातून ओढून काढायची. चौघांत दोन दिवसांवर चालणार नाही, आईंचा वापर जास्त धरला तर रोजही काढावी लागेल. ती रिकामी करायची फक्त चालू संडासात, म्हणजे ड्रेनेजला किंवा सेप्टिक टँकला जोडलेल्या. हॉटेलवाल्याला आधी सांगून, वर शंभराची नोट देऊन. पेटीत टाकायचं निळं औषध घेताना फॉर्मल्डिहाइड नसलेलं घे. फॉर्मल्डिहाइड सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं, आणि मग तुझ्यामागे त्या हॉटेलचा टँक तुंबतो. वीस लिटर म्हणजे वीस किलो, वर पेटीचं वजन. उचलायचं काम तुझं, आधीच सांगून ठेवतो.

सांडपाण्याची वेगळी टाकी गाडीखाली असते. तिचा कॉक बंद आहे ना हे रोज निघण्यापूर्वी वाकून बघायचं. भाड्याच्या काही गाड्यांत कॉक कायमचा उघडा ठेवून रस्ताभर ठिबकत नेतात. तसली गाडी घेऊ नको.

मडगावची_मुग्धा :
समच्या टेकडीवर झोपायचं काय झालं? पोरीची बाजू कुणीच घेत नाही म्हणून विचारते.

पेडण्याचा_ट्रान्सपोर्ट :
पोरीला माझ्यातर्फे सॉरी सांग. साडेतीन-चार टन वजन, अरुंद टायर, मागच्या चाकांना ताकद. अशी गाडी सैल वाळूत तिच्या लांबीइतकीही जाणार नाही. चाक फिरायला लागलं की खड्डा खणतं, आणि ॲक्सिलरेटर जितका दाबशील तितका खोल. जीपवाले टायरची हवा कमी करून वाळूत जातात ते खरं, पण त्यांच्या गाड्या हलक्या आणि चारही चाकं ओढणाऱ्या. तुझ्या टायरांनी अख्खं घर उचललंय, त्यांची हवा काढायची नाही.

मोटरहोम मुरमाच्या घट्ट जमिनीवर लाव. टेकडीवर जीपने नाहीतर उंटावरून जा.

वाळपईची_वैदेही :
सम जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटर. सीझनला तिथे तंबूंची रांग असते आणि प्रत्येक तंबूवाल्याचा लाउडस्पीकर. तारे बघायचे असतील तर खुडी बघा, दक्षिणेकडे, गाव लहान आणि जरा शांत. तंबूवाल्यांना विचारलंत तर पैसे घेऊन आवारात गाडी लावू देतात, प्लगही देतात, आणि मुलीला वाळूत खाट टाकून मिळेल. आई गाडीत, मुलगी खाटेवर, दोघींचंही होईल.

सगळा मोकळा परिसर म्हणजे कुठेही मुक्काम ठोकायला मोकळा, असं समजू नका. डेझर्ट नॅशनल पार्कचं मोठं क्षेत्र या भागात येतं. आपल्या सोलापूरच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं तो माळढोक, तिकडे गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी. आता त्याचा मुख्य आसरा हाच टापू आहे. तिथे रात्री दिवे लावून गाडी उभी करणं चालणार नाही.

म्हापसेकर_दुकानवाला :
थंडीचं काय? आम्ही म्हापशात वीस अंशांना स्वेटर बाहेर काढतो.

वाळपईची_वैदेही :
जानेवारीत रात्री सात-आठ अंशांपर्यंत उतरतं हे नेहमीचं, थंडीची लाट आली तर शून्याच्या जवळ. दुपारी मात्र पंचवीसच्या आसपास, ऊन बोचतं. गाडीचा पत्रा रात्री भराभर थंड होतो. जाड रजया त्या बाजूलाच घ्या, इथून ओझं नको.

एक सांगते, आईंना गारठतंय म्हणून शेगडीत कोळसे घालून गाडीत ठेवू नका, एक खिडकी उघडी ठेवून सुद्धा नाही. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी न उठल्याच्या बातम्या उत्तरेत दर हिवाळ्यात येतात. गरम पाण्याच्या पिशव्या द्या.

शेकोटीसाठी फांद्या मोडायलाही जाऊ नका, विशेषतः झाडं-जनावरं जपणाऱ्या शाकाहारी बिश्नोई लोकांच्या गावांकडे. तिकडची खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो ती शमी. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली राजाची माणसं हीच झाडं तोडायला आली तेव्हा ३६३ जणांनी झाडांना मिठी मारून जीव दिला. तिकडे कुऱ्हाड घेऊन फिरणं म्हणजे काय, ते समजून घ्या.

डिचोलीचा_डिझेल :
वीज. जानेवारीत एसीची गरजच नाही, त्यामुळे तुझं अर्धं दुखणं संपलं. एसीला रात्रभरात चार-पाच युनिट लागतात आणि तेवढं गाडीच्या बॅटरीत नसतं, हे मे महिन्यात निघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. (फलोदीला २०१६च्या मे महिन्यात ५१ अंश नोंदले गेलेत, भारतातला उच्चांक. मे महिन्यात निघूच नये.)

२०० अँपिअर-अवरची बारा व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट. फ्रिज दिवसाला अर्धा युनिट, दिवे-पंप-मोबाईल मिळून पाव ते अर्धा. छतावर ३०० वॅटचं पॅनेल असेल तर हिवाळ्यात एक-सव्वा युनिट भरून येतं, तेही काच रोज पुसलीस तर. धूळ बसते. इंडक्शनवर भात-डाळ केली की युनिटभर गेलं, म्हणून इंडक्शन हॉटेलच्या प्लगवर किंवा इंजिन चालू असताना.

गॅस घ्यायचा तर पाच किलोचा छोटा, उभा बांधून, गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. घरचा मोठा लाल सिलिंडर गाडीत टाकू नको. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून गळती सांगणारा अलार्म जमिनीलगत पाहिजे. कुणी छताला लावून दिला असेल तर तो शोभेचा समज.

हळदोण्याचा_जावई :
थोडं वेगळं. आम्हीही याच मार्गाने जायचं म्हणतोय, पण मेव्हणा लिस्बनहून येतोय. पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड). सीमेजवळच्या तनोटला जाता येईल का?

वाळपईची_वैदेही :
आधी विचारल्याशिवाय नेऊ नका. जैसलमेर आणि बारमेरचा सीमेकडचा पट्टा परदेशी नागरिकांना परवानगीशिवाय खुला नाही, आणि या बाबतीत ओसीआयवाल्यालाही परदेशीच धरतात. जैसलमेरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागतो. शहर, किल्ला, गडीसर तलाव यांना काही अडचण नाही.

आपल्या पासपोर्टवाल्यांना तनोटचं मंदिर आणि लोंगेवाला नीट बघता येतं, ओळखपत्र जवळ ठेवा. मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळतं, १९६५च्या युद्धात आवारात पडून न फुटलेले तोफगोळे तिथे मांडून ठेवलेत. त्याच्या पुढे सीमेपर्यंत जायचं तर दलाची वेगळी परवानगी. जैसलमेरहून तनोट १२० किलोमीटर, वाटेत रामगढला डिझेल आणि नाश्ता करून घ्या, त्यापुढे भरवसा नाही. मोबाईलही जातो-येतो.

ड्रोन घरी ठेवा. आणि मेव्हण्याला सांगा, युरोपात ट्रेकिंगला वापरतात ते उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र आणू नकोस. आपल्याकडे परवानगीशिवाय ते बेकायदा आहे, विमानतळावरच पकडतात.

साखळीचा_सूर्यकांत :
आणि काजूची फेणीही घरी ठेवायला सांगा. गुजरातेत दारूबंदी आहे, आपल्या गोव्याच्या पासिंगची गाडी दिसली की पहिली डिकी उघडतात. त्याआधी गोवा-महाराष्ट्र हद्दीवरचा इन्सुलीचा नाका आहेच. रेल्वेने गेलात तरी पिशवीतली बाटली अहमदाबादेत तितकीच बेकायदा.

फोंड्याचा_फाटा :
गुजरातेतून फेणीशिवाय जायचं. विरोध पुन्हा पूर्ण लागू.

म्हापसेकर_दुकानवाला :
आमच्याकडे फेणी फक्त आईच्या गुडघ्यांना चोळायला असते. तीही ठेवतो.
सुकं न्यायचं का? बायको गलमो (सुकी बारीक कोळंबी) आणि सुके बांगडे बांधायला निघाली आहे.

मडगावची_मुग्धा :
बंद गाडीत सुके बांगडे भाजून त्याच उशीवर तीन आठवडे झोपायचं? भाड्याची अनामत परत मिळणार नाही. गलमोची चटणी कोरडी करून डब्यात न्या. बिश्नोई गावांत आणि धर्मशाळांच्या आवारात तो डबा उघडू नका. उकडे तांदूळ मात्र न्या, तिकडे मिळायचे नाहीत. पेज झाली की आई खूश.

पेडण्याचा_ट्रान्सपोर्ट :
कच्छबद्दल कुणी बोललं नाही अजून. रण म्हणजे वाळू नव्हे. पावसाळ्यात समुद्राचं आणि नद्यांचं पाणी पसरतं, मग आटतं आणि मीठ राहतं. वरून पांढरी फरशी, खाली चिखल. त्या पांढऱ्यावर चाक घालायचंच नाही, क्रेनसुद्धा तिथे यायला नाही म्हणते. धोरडोला वाहनतळावर गाडी लावून पायी किंवा उंटगाडीने जा. परवाना आधी ऑनलाईन काढ, नाहीतर भिरंडियाराच्या नाक्यावर. रणोत्सव चालू असेल, गर्दी धर.

खावडा ते धोलावीरा रस्ता रणाच्या मधून जातो, दोन्ही बाजूंना पांढरं. बघण्यासारखा आहे, पण त्या पट्ट्यात सावली नाही, टपरी नाही, पंप नाही. टाकी आणि डिझेल भुजलाच भरून निघ. वाऱ्यात उंच गाडी हलते, साठच्या वर जाऊ नको. धोलावीराची हडप्पा वस्ती २०२१ला जागतिक वारसा झाली. पाण्याचे हौद बघायला मुलीला वेळ दे, चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी पाणी साठवण्यासाठी खडक कोरलाय.

आणि खार. आपल्या किनाऱ्यावरच्या गाड्यांचे पत्रे कसे खातं ते तुला माहीत आहे. रणातला चिखल चेसिसला लागला तर भुजला किंवा रापरला गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन घे. भाड्याची असली तरी धू.

भुजच्या उत्तरेला, बन्नीच्या गवताळ रानाच्या बाजूला वेडी बाभूळ माजली आहे, काटे बोटभर. सावली बघून तिच्याखाली गाडी लावलीस की दोन टायर गेले. ट्यूबलेसचा पंक्चर किट आणि बारा व्होल्टचा पंप स्वतःचा ठेव. स्टेपनी आहे एवढं बघून थांबू नको, तिच्या कडेवर बनवल्याचा आठवडा आणि साल कोरलेलं असतं, तेही वाच.

डिझेल राजस्थानपेक्षा गुजरातेत स्वस्त पडतं. सांचोरच्या आधी, थरादला टाकी फुल्ल.

म्हापसेकर_दुकानवाला :
मंडळी, कागदावर असं उतरवलंय. मडगाव ते अहमदाबाद रेल्वे. मोटरहोम अहमदाबादेत ताब्यात, तिथेच परत. काळ्या पाटीची आहे, आरसीचा फोटो मागवलाय. भुज (हॉटेल), धोरडो, धोलावीरा, राधनपूर (हॉटेल), बारमेर, जैसलमेर (हॉटेल, तीन रात्री), खुडी, तनोट करून परत जैसलमेर, रामदेवरा (धर्मशाळा), जोधपूर आणि परत. टाकी १०० लिटरची आहे, ताईंच्या हिशोबापेक्षा कमी. सांडपाण्याची टाकी विचारली तर गाडीवाला म्हणाला, "साहेब, ते बाहेर जातं." म्हणून त्याला सांगितलंय की कॉक बसवून दिला तरच गाडी घेणार. हो म्हणालाय.

वाळपईची_वैदेही :
धोरडो आणि धोलावीरा लागोपाठ कोरड्या रात्री झाल्या. १०० लिटरवर ते ताणलं जाईल, त्यात आईंना पाणी कमी प्यायचा बहाणा मिळेल. धोलावीराला गावात राहायची सोय आहे, ती एक रात्र खोली घ्या. आणि जैसलमेरला किल्ल्याच्या आतलं हॉटेल घेऊ नका. गाडी वर जात नाही, चढ दगडी आहे, आईंचे गुडघे. शिवाय ११५६चा किल्ला आहे, आत जेवढं पाणी वापरलं जातं तेवढं त्याच्या पायात मुरतं. खाली, गडीसरच्या बाजूला बघा.

डिचोलीचा_डिझेल :
गाडी ताब्यात घेताना घाई करू नको, एक सकाळ जाऊ दे. टाकी त्यांच्यासमोर काठोकाठ भर, अर्धा तास थांब, खाली ठिपका पडतो का बघ. सगळे नळ एकदम सोडून सांडपाण्याचा कॉक बंद करून बघ. कॅसेट स्वतः ओढून काढ आणि परत बसव. चारही बाजूंचा, छताचा आणि स्टेपनीचा व्हिडिओ, गाडीवाल्याच्या आवाजासकट.

पाण्याचा पाइप वीस मीटरचा, स्वतःचा, आणि नळाला लावायचे अर्धा इंची आणि पाऊण इंची दोन्ही जोड. हॉटेलवाला पाणी द्यायला तयार असतो, त्याच्या नळाचा आटा जुळत नाही. म्हापशाच्या बाजारात दोन्ही मिळतील, तुझ्या दुकानापासून चार पावलांवर.